मुलांसोबत लघुचित्रांच्या दालनात

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील लघुचित्रे पाहायला चौथीतल्या मुलीला आणि पहिलीतल्या भाच्याला घेऊन जायचे ठरले, तेव्हा घरून एकच सूचना झाली, ती म्हणजे त्यांना सरळ प्राण्यांच्या दालनात ने. वीतभर कागदावरच्या चित्रांपुढे मुले कितीशी थांबणार, ही शंका गैर नव्हती. प्रत्येक चित्र पाहायचेच असा हट्ट धरला तर मोठी माणसेही कंटाळतात. म्हणून मोजकीच चित्रे पाहायची असे मी ठरवले आणि आदल्या रात्री मुलांना पंचतंत्रातल्या गोष्टी सांगून ठेवल्या. अकबराच्या काळात चितारलेल्या ‘अन्वार-इ-सुहेली’ या फारसी ग्रंथाची काही पाने या संग्रहालयाकडे आहेत आणि त्यातील गोष्टींचे मूळ पंचतंत्रातच आहे.

आत शिरताच भाच्याने विचारले, “आत्या, इथे दिवे कमी का?” जुन्या रंगांना आणि कागदाला प्रखर उजेड सोसत नाही, हे कारण त्याला इतके पटले की पुढे मोबाइल उंचावणाऱ्या प्रत्येकाला तो “फ्लॅश नको हं” असे बजावू लागला.

मुलांना शैलींची नावे सांगण्यात मी वेळ घालवला नाही. मेवाड, बुंदी, कांगडा हे त्यांना पुढे कळेलच. त्याऐवजी चित्रात काय काय सापडते ते शोधायला सांगितले. एकाच चित्रात कृष्ण दोन ठिकाणी कसा, हा प्रश्न मुलीने स्वतःच काढला आणि उत्तरही तिचेच होते: “कॉमिकमधल्या चौकटी पुसून टाकल्यासारखे आहे हे.” गोष्टीतले पुढचे-मागचे प्रसंग एकाच कागदावर दाखवण्याची रीत मला याहून सोपी करून सांगता आली नसती. पश्चिम भारतातील जैन पोथीचित्रांत पलीकडचा डोळा चेहऱ्याच्या रेषेबाहेर काढलेला असतो. भाच्याने तसाच डोळा लगेच वहीत काढला, तोही बराच मोठा. (पेन्सिल आणि छोटी वही जवळ असावी, शाईचे पेन घरीच ठेवावे.)

खरी गंमत आली ती चित्रे कशी करीत हे सांगताना. कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून वसली तयार करायची, अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने घोटून तिला झिलई आणायची आणि खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने पापणीची एकेक रेघ ओढायची, हे ऐकून मुलगी स्वतःच्या पापण्या चाचपू लागली. बसोहली शैलीत दागिन्यातले पाचू दाखवण्यासाठी भुंग्याच्या पंखांचे हिरवे, चमकदार कवच कापून चिकटवीत, असे कळल्यावर तर दिसेल त्या दागिन्यात हिरवी चमक आहे का, हे दोघे वाकून वाकून पाहू लागले. काचेला नाक लागणार नाही, एवढी काळजी मात्र आपल्यालाच घ्यावी लागते.

“आपल्याकडे अशी चित्रे काढत नव्हते का?” असे मुलीने विचारले, तेव्हा मी तिला निजामशाहीबद्दल सांगितले. सोळाव्या शतकात अहमदनगरला तयार झालेली ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.

संग्रहालयाच्याच आवारात 2019 साली सुरू झालेले बालसंग्रहालय आहे. ते आम्ही शेवटी ठेवले, कारण हाताने करून पाहण्याच्या वस्तूंमध्ये मुले एकदा रमली की त्यांना काचेमागच्या चित्रांकडे परत आणणे कठीण जाते.