खोट्या प्रतिज्ञापत्राविरुद्धचा अर्ज : माझा अनुभव

खानापूर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या दाव्यात चुलत भावाने माझ्या वडिलांचे एक संमतिपत्र हजर केले आणि १२ ऑगस्ट २०१६ रोजी आण्णांनी गावच्या घरी आपल्यासमोर त्यावर सही केली, असे २०२३ मध्ये प्रतिज्ञापत्रावर शपथेने लिहून दिले. त्या दिवशी आण्णा बेळगावच्या एका रुग्णालयात खाटेवर होते. डिस्चार्ज कार्ड आईने रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत जपून ठेवले होते. त्यावर दाखल केल्याची तारीख ९ ऑगस्ट आणि घरी सोडल्याची १७ ऑगस्ट होती.

कार्ड सापडताच मी पोलीस ठाणे गाठले, ही माझी पहिली चूक. तेथील अंमलदारांनी कागद वाचून, कोर्टात दिलेल्या खोट्या पुराव्याची फिर्याद येथे घेता येत नाही, असे सांगितले. मला ती टोलवाटोलवी वाटली. परंतु ते बरोबर सांगत होते. न्यायालयासमोर खोटा पुरावा दिल्याच्या गुन्ह्याची दखल दंडाधिकारी त्या न्यायालयाच्या किंवा त्याच्या वरच्या न्यायालयाच्या लेखी तक्रारीवरूनच घेऊ शकतात, आणि पक्षकाराच्या हाती उरते ते एवढेच, की घडलेली गोष्ट अर्ज करून त्या न्यायालयाच्या नजरेस आणून द्यावी. बनावट सहीची गोष्ट मात्र वेगळी आहे. दस्तऐवज कोर्टात येण्यापूर्वीच बनवलेला असेल तर ही आडकाठी लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००५ मध्ये इक्बालसिंग मारवाह प्रकरणात ठरवले आहे. तरीही आमच्या वकिलांनी तो मार्ग धरला नाही, कारण सही खोटी ठरवायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागला असता, तर तारीख खोटी ठरवायला आईची पिशवी पुरेशी होती.

नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ रोजी लागू झाले. आमचा अर्ज त्यानंतरचा असल्यामुळे त्यात जुना आणि नवा असे दोन्ही कायदे आले. खोटी शपथ २०२३ मधली, म्हणून गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम १९३ खालचा, ज्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. अर्ज मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३४० म्हणून ओळखले जाई.

अर्जाची तयारी चालू असताना वकिलांनी माझेच प्रतिज्ञापत्र पुढे ठेवले. ते कन्नडमध्ये होते, आणि मला कन्नड बोलता येत असले तरी सराईतपणे वाचता येत नाही. टंकलेखकाने बोट ठेवले तेथे मी सही केली होती. चौथ्या परिच्छेदात ‘जमीन मी स्वतः कसतो’ असे होते. मी बेळगावात नोकरी करतो आणि जमीन वाट्याने दिलेली आहे. मला अक्षरशः घाम फुटला. उलटतपासणी सुरू होण्यापूर्वीच मी साक्षीच्या पिंजऱ्यातून न्यायाधीशांना ही चूक सांगितली आणि त्यांनी ती दुरुस्त करून घेतली. माझी जबानी मराठीत झाली असली तरी नोंद कन्नडमध्ये होती, म्हणून ती मराठीत समजावून सांगण्याची विनंती केली. दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश १८, नियम ६ मध्ये, तशी तरतूदच आहे. तेव्हा एका ठिकाणी ‘नव्हते’च्या जागी ‘होते’ पडल्याचे आढळले आणि तेही सुधारले गेले.

अर्जावरील निर्णय न्यायाधीशांनी दाव्याच्या निकालापर्यंत राखून ठेवला. ती वाट पाहणे फार जिवावर आले, त्याविषयी अधिक लिहीत नाही. निव्वळ विधान खोटे असणे पुरत नाही. ते जाणूनबुजून केलेले असावे आणि तक्रार करणे न्यायाच्या हिताचे असावे, हे न्यायालयाला पटावे लागते. भावाच्या बाबतीत ते पटले आणि तक्रार दंडाधिकाऱ्यांकडे गेली. संमतिपत्रावर साक्षीदार म्हणून अंगठा देणाऱ्या गावच्या म्हाताऱ्या मामांना मात्र न्यायालयाने वगळले, कारण कागद आपल्याला वाचून दाखवला नव्हता, असे त्यांनी उलटतपासणीत सरळ कबूल केले होते. याचा मला दोन दिवस राग होता. मग माझा चौथा परिच्छेद आठवला.

भावाने त्याच नव्या संहितेच्या कलम ३८० खाली अपील केले आहे. मूळ डिस्चार्ज कार्ड आता कोर्टाच्या फाइलीत आहे, आणि आईने त्याची झेरॉक्स पुन्हा त्याच पिशवीत ठेवली आहे.