शिवडीच्या दफनभूमीत आरसा घेऊन जा

शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६५ची. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात ती सुरू झाली. त्याआधी इथे अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती, म्हणून आत शिरताच पहिल्यांदा झाडंच नजरेत भरतात.

व्हीटी स्टेशन बांधणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स (मृत्यू १९००) आणि गेटवेचे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट (मृत्यू १९२६) दोघेही इथेच आहेत. टिळकांच्या होमरूल लीगमधले काका बाप्टिस्टाही. खरं तर मराठी माणसाने आधी त्यांची कबर शोधायला हवी.

शोधायचं कसं? नावासोबत मृत्यूचं वर्ष लिहून न्या. दफनाच्या नोंदी तारखेप्रमाणे होतात, त्यामुळे नुसत्या आडनावावर ऑफिसमधला माणूस काय करणार! फोटो काढायचे तर तिथेच विचारून घ्या.

जुना संगमरवर वाचणं हे खरं कसब. ऊन समोरून पडलं की झिजलेली अक्षरं सपाट होऊन जातात. वीतभर आरसा घ्या, दगडाच्या बाजूला उभे राहा आणि कवडसा दगडाला घासून जाईल असा तिरका टाका. खाचांमध्ये सावली भरते आणि नाव उठून दिसतं. सावलीतल्या दगडाला बाजूने धरलेला टॉर्च चालतो.

काही दगडांवर अक्षरं शिशाची असतात. शिसं पकडून राहावं म्हणून अक्षराच्या खाचेत बारीक भोकं पाडून त्यात ते ठोकून बसवलेलं असतं. पावसाने आणि खाऱ्या हवेने संगमरवराचा पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होतो, शिसं सुटतं आणि मागे ठिपके उरतात. ते ठिपके जोडत गेलात तर अक्षर लागतं.

खडू, लिंबू, अॅसिड, तारेचा ब्रश यांतलं काहीही नको. अॅसिड संगमरवर खातं आणि ब्रशने उरलेले रवेही निघतात. धूळ असेल तर मऊ ब्रश आणि साधं पाणी, तेही दगड भक्कम असेल आणि परवानगी असेल तरच.

मधोमध तुटलेला खांब दिसला तर तो पडझडीतला समजू नका, अकाली मृत्यूची खूण म्हणून तो मुद्दाम तसा घडवतात. कोरलेला जहाजाचा नांगर म्हणजे आशा.

पावसाळ्यात जाणं टाळा. शेवाळ लेख झाकतं, आणि गवताखाली खचलेल्या कबरी दिसत नाहीत. दफन चालू असेल तर आरसा पिशवीत ठेवून दुसऱ्या टोकाला जायचं.