स्लोव्हेनिया, चार दिवस, भाड्याची गाडी

स्लोव्हेनिया आपल्या नगर जिल्ह्यापेक्षा थोडाच मोठा, म्हणून दोन दिवसांत उरकेल असं नकाशा बघून वाटतं. हमरस्त्यावर ते खरंही आहे. वेळ खातो तो आल्प्सचा कोपरा, म्हणून मी चारपैकी दोन दिवस तिकडेच ठेवले.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना (आयडीपी) निघण्याआधी तिकीट काढलंत तरी चालेल, पण गाडी बुक करू नका. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. सोबत मूळ परवानाही लागतो. नुसती आयडीपी दाखवून गाडी मिळत नाही. अनामत रक्कम अडकवायला मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्डवर बऱ्याच ठिकाणी नकार मिळतो. गिअर उजव्या हाताने टाकायची सवय नसेल तर ऑटोमॅटिक घ्या, महाग पडली तरी.

मग विन्येट, म्हणजे हमरस्त्यांचा टोल. हल्ली काचेवर स्टिकर नसतो, गाडीच्या नंबरवर ऑनलाइन नोंद होते. साध्या कारचं सात दिवसांचं २०२४मध्ये १६ युरो होतं. नसल्यास दंड किमान ३०० युरो. स्लोव्हेनियात घेतलेल्या भाड्याच्या गाडीला ते बहुधा असतंच, पण काउंटरवर विचारून घ्या. गोची होते ती इटलीतून, म्हणजे व्हेनिस किंवा त्रिएस्तेहून गाडी आणणाऱ्यांची. नंबर चावी हातात आल्यावरच कळतो, त्यामुळे सीमा ओलांडण्याआधी थांबून दार्स या सरकारी कंपनीच्या साइटवरून घ्यायचं. गाडीच्या नोंदणीचा देश बरोबर निवडा आणि शून्य व ओ यांत घोळ करू नका. नंबर चुकला तर पैसे भरूनही विन्येट नाहीच.

हेडलाइट दिवसाही लावलेले हवेत. वेगमर्यादा गावात ५०, बाहेर ९०, हमरस्त्यावर १३०. इथे गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची. सवयीने डावीकडे जाण्याची चूक रहदारीत होत नाही, पुढच्या गाडीमागे आपण आपोआप जातो. ती होते पेट्रोल पंपातून रिकाम्या रस्त्यावर निघताना.

विमानतळावरून ल्युब्लियानात न शिरता थेट ब्लेड हे सरोवराकाठचं गाव, मुक्काम आल्प्समधल्या क्रान्स्का गोरा गावात. दुसऱ्या सकाळी व्ह्रशिच घाट: माथा १६११ मीटर, ५० हेअरपिन वळणं, प्रत्येकाला क्रमांक. क्रान्स्का गोराच्या बाजूची वळणं दगडी फरसबंदीची आहेत, ओली झाली की घसरतात. हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. १९१६च्या हिमलोटात शंभराहून जास्त कैदी गेले. त्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं लाकडी चॅपल वाटेतच लागतं. चढताना दुसरा गिअर. उतरताना इंजिनाचा ब्रेक वापरा, पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून वास येऊ लागतो. घाटापलीकडच्या बोवेट्स गावापर्यंत अंतर पन्नास किलोमीटरच्या आतच, पण थांबे धरून अर्धा दिवस द्या.

हिवाळ्यात घाट बंद असतो. मग इटलीतल्या तार्विझिओवरून प्रेदेल खिंडीने बोवेट्स गाठता येतं. गाडी सीमेपार न्यायची परवानगी भाडेकरारात आहे का ते आधी बघा. दुसरा, मला जास्त आवडणारा मार्ग म्हणजे बोहिन्स्का बिस्त्रित्सा ते मोस्त ना सोची ही गाड्या वाहणारी रेल्वे. १९०६चा, सहा किलोमीटरहून लांब बोगदा ती पार करते, आणि तुम्ही आपल्याच गाडीत बसून.

गुहा एकच बघायची तर श्कोत्स्यान. पोस्तोयना या दुसऱ्या गुहेत छोटी आगगाडी आत नेते, म्हणून ज्येष्ठांना ती बरी. श्कोत्स्यानला सगळं पायी, शेकडो पायऱ्या, आणि खाली खोल दरीतून वाहणारी नदी. दोन्हीकडे जुलैतही स्वेटर लागतो, आत तापमान १०-१२ अंश.

समुद्रकाठच्या पिरानच्या जुन्या गावात पाहुण्यांच्या गाड्या शिरू देत नाहीत. फोर्नाचेच्या वाहनतळावर लावून बसने किंवा चालत जा. परतीच्या दिवशी टाकी विमानतळाजवळ भरा आणि पावती जपून ठेवा.