रत्नागिरी ते दाभोळ, लहान शिडानं

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी रत्नागिरीहून दाभोळला निघालो आणि जयगडला पोचलो. खरं तर वेळणेश्वरपर्यंत गेलो होतो, पण तिथून शेपूट घालून मागे फिरलो. बोट ३१ फुटी, १९७०च्या दशकातल्या आराखड्याची, आणि तिच्यावर माणूस एकटा मी. बायको गोव्यापर्यंत हौसेनं येते. गोव्याहून मुंबईकडे निघायचं म्हटलं की तिला रेल्वेच आठवते. तिचंही खरं आहे. दक्षिणेला जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो, परतताना तोच तोंडावर येतो.

त्या काळच्या अनेक बोटींची ठेवण अशी की मागचं मेनसेल लहान आणि खरा जोर पुढच्या शिडावर, म्हणजे जिनोआवर. माझा जिनोआ होता १५० टक्क्यांचा. हे टक्के क्षेत्रफळाचे नव्हेत. नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या तारेच्या बुडापासून डोलकाठीपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या दीडपट शिडाची रुंदी. क्षेत्रफळ भरलं ३४ चौरस मीटर. एवढं कापड डोलकाठीच्या बरंच मागे येतं, आणि उलट्या वाऱ्यात नागमोडी जाताना बाजू बदलायची तर दर वेळी ते सगळं डोलकाठीला आणि बाजूच्या तारांना वळसा घालून पलीकडे न्यावं लागतं. शर्यतीच्या बोटीवर यासाठी पाच-सहा धडधाकट पोरं असतात. माझ्याकडे एक ऑटोपायलट आणि एक दुखरा खांदा.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. १२ नॉटचा (ताशी साधारण २२ किलोमीटरचा) वारा १७ झाला की जोर दुप्पट. आपल्या किनाऱ्यावर खारा, म्हणजे समुद्रावरून येणारा वारा दुपारी दोन-तीन तासांत एवढा सहज चढतो. मग जिनोआ गुंडाळून लहान करायचा. शीड तारेभोवती गुंडाळलं जातं खरं, पण उरलेला भाग सपाट राहत नाही, त्याला पोट सुटतं. सपाट शीड बोट पुढे काढतं, पोटाचं शीड ती आडवी पाडतं. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी ते चुकीच्या आकाराचं होऊन बसतं.

त्या दिवशी वेळणेश्वरसमोर नेमकं हेच झालं. अर्धा जिनोआ गुंडाळलेला, बोट एका अंगावर कललेली, आणि बाजू बदलताना दोराची गाठ डोलकाठीजवळच्या तारेत अडकली. ती सोडवायला पुढे रांगत गेलो. वर शीड पिसाळल्यासारखं फडफडत होतं. त्यात भर म्हणजे जिनोआची खालची कड डेकला घासते, त्यामुळे वाऱ्याआडची बाजू दिसतच नाही. जाळ्याचे थर्माकोलचे बोये दिसले तेव्हा ते नाळेपासून दोन हातांवर होते. थोडक्यात वाचलो. खांदा मात्र पुढे महिनाभर बोलत होता.

शीड शिवणाऱ्याला मी आधी म्हटलं, नवं शीड ९० टक्क्यांचं करा. तो नको म्हणाला. मेनसेल लहान असलेल्या बोटीचं पुढचं शीड फार छाटलं तर ती लाटांत जागच्या जागी आपटत राहते. शेवटी ९८ वर जमलं, २२ चौरस मीटर. मागचा कोपरा बाजूच्या तारांच्या अलीकडेच थांबतो, म्हणून दोर त्यांच्या आतून घेता येतो. खर्चाचा भाग मला नंतर कळला: जुनी कप्प्यांची पट्टी पार कडेला आणि मागे, नव्या शिडाच्या काहीच कामाची नाही. केबिनच्या छतावर दोन नव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. छताला ड्रिलनं भोकं पाडताना काळजात जे होतं ते बोटवाल्यालाच कळेल.

यंदा पहाटे तीनला भगवती बंदरातून नांगर उचलला. मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा उजव्या अंगानं, जेमतेम सहा नॉट, समुद्र ताटासारखा. इथे लहान शीड मार खातं, ते लपवण्यात अर्थ नाही. जुन्या जिनोआनं अशा वाऱ्यात चार नॉट सहज दिले असते, आता तीनच्या आसपास. आठच्या सुमाराला जयगडची बंदराची यंत्रं उजवीकडे दिसायला लागली आणि वारा मेला. दोन तास इंजिन. डिझेलचा वास घेत मी गेल्या वर्षीचा जिनोआ मनातल्या मनात आठवून घेतला.

बाराला खारा सुटला, एकपर्यंत १६ नॉट. वेळणेश्वरसमोरच. पोटात थोडं आलं. मेनसेलला एक रीफ घेतला, म्हणजे ते थोडं दुमडून लहान केलं, पुढच्या शिडाला हात लावला नाही. किनारा इथे सरळ उत्तरेला न जाता किंचित पश्चिमेकडे झुकतो, त्यामुळे वारा डाव्या गालावर घेऊन किनाऱ्याकडे लांब धाव आणि मग खोल समुद्राकडे आखूड धाव, असा हिशेब. पहिली पालटी, म्हणजे बाजू बदलायची वेळ आली. ऑटोपायलटचं बटण दाबलं, एक दोर सोडला, दुसरा हातानंच ओढला. शीड पलीकडे गेलंसुद्धा. दोर ताणायच्या विंचला शेवटचे तीन फेरे. मी उगाच दुसरी पालटी घेऊन पाहिली, गरज नसताना. मग तिसरी.

आणि शिडाखालून समोरचं दिसत होतं! डोल जाळ्यांचे खुंट, बोये, पाग टाकणारी एक होडी, तिच्यातला हात हलवणारा म्हातारा.

सव्वातीनला एलएनजी टर्मिनलचा बंधारा, मग टाळकेश्वरचं दीपगृह. दाभोळच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, तो भरतीलाच ओलांडायचा. पाणी चढत होतं, ऊन भरपूर होतं. साडेचारला फेरीबोटीच्या वाटेपासून लांब नांगर टाकला.

शेजारच्या ट्रॉलरवरून एकानं ओरडून विचारलं, "काका, एकटेच? आणि शीड एवढं बारकं कसं?"

"एकटाच आहे म्हणून," मी म्हटलं. त्यानं बांगडे हवेत का विचारलं. मी पातेलं पुढे केलं.