कॅमकॉर्डर घ्यायचा होता, पण दुकानातले दिवे कोणी मालवेना

दुकानात कुठलाही कॅमकॉर्डर झकास दिसतो. डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची रांग, समोर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी आणि बघायला तीन इंची स्क्रीन. वर सेल्समन म्हणणार, "क्लॅरिटी बघा सर!" मला रात्री दोन वाजताची क्लॅरिटी बघायची होती.

आमच्या सिंधुदुर्गात जत्रेत दशावतार रात्रभर चालतो. देवळासमोर मोजके दिवे, राजाच्या अंगावर काळी मखमल, संकासूर तर नखशिखांत काळा. वरून जादा दिवा लावायची सोय नाही. मी एकदा छोटा एलईडी लावून पाहिला, तर पेटीवाले काका तिथूनच ओरडले, "तोंडार लायट मारू नको रे!" मोबाइल तेवढा वेळ टिकत नाही आणि फोटोचे बरेच जुने कॅमेरे अर्ध्या तासाला रेकॉर्डिंग बंद करतात. म्हणून कॅमकॉर्डर.

कागदावरची तुलना चटकन झाली. सोनीचे दोन उतरवून घेतले. एएक्स ५३ चा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, १/२.५ इंची, झूम २० पट. एएक्स ७०० चा सेन्सर १ इंची, झूम १२ पट. मोठ्या सेन्सरचं क्षेत्रफळ चारपटीहून जास्त, म्हणजे अंधारात तोच भारी असं वाटतं. पण लहानाची लेन्स वाइडला, म्हणजे झूम न करता, एफ २ पर्यंत उघडते, मोठ्याची एफ २.८ पर्यंतच (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). म्हणजे वाइडला मोठ्याचा निम्मा फायदा तिथेच गेला. पूर्ण झूमला लहान ३.८ वर येतो, मोठा ४.५ वर, तिथे मोठ्याचा फायदा बराचसा शाबूत राहतो. मी सगळं मागे बसून झूम करून घेणारा, त्यामुळे माझ्यासाठी हाच मुद्दा खरा. आता फक्त डोळ्यांनी खात्री करायची होती.

आणि गाडी तिथेच अडली.

कोल्हापुरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये मी दोनच गोष्टी मागितल्या: काउंटरवरचे दिवे दोन मिनिटं घालवा आणि माझं कार्ड कॅमेऱ्यात घालू द्या, म्हणजे घरी टीव्हीवर बघता येईल. सेल्समनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गल्ला मागितला. "अंधार करून काय बघणार ओ?" मग फ्लोअर मॅनेजर आले. दिव्यांचं बटण त्यांच्या हातात नाही, सगळ्या मजल्याचं एकच आहे. बरं, टेबलाखाली धरून बघतो म्हटलं, तर कॅमेरा वायरने बांधलेला आणि वायर वीतभर! कार्ड घालायचं तर कंपनीचा माणूस हवा, तो शनिवारी येतो. शनिवारी गेलो तर तो "आत्ताच जेवायला गेलाय". तासभर सोफ्यावर बसलो. चहा मात्र दोनदा आला. शेवटी तो आला आणि पत्रकावर बोट ठेवून म्हणाला, "हे बघा, किमान लक्स किती कमी आहे!" म्हणजे किती कमी उजेडात कॅमेरा चालतो, तो आकडा. अहो, शटर १/५० सेकंदावरून १/२५ वर आणलं, म्हणजे प्रत्येक चित्राला दुप्पट वेळ प्रकाश दिला, की तो आकडा आपोआप खाली येतो! हे सांगितल्यावर त्याने हसून हप्त्यांची स्कीम काढली. एवढे पैसे मोजायचे आणि वस्तू ज्या कामाला हवी तिथे बघायचीसुद्धा नाही, हा कुठला न्याय?

शेवटी भाड्याने कॅमेरे देणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सोडवलं. डिपॉझिट घेतलं, दोन्ही कॅमेरे हातात दिले आणि म्हणाले, "मागं गोडाऊन हाय, दार लावून घ्या."

आत एकच पिवळा बल्ब. काळी छत्री उघडून ठेवली, शेजारी लाल टॉवेल. ऑटोवर पहिल्या नजरेला लहान कॅमेराच जास्त उजळ दिसला. मग छत्रीसमोर हात हलवला, तर बोटांची खीर! त्यात ऑटो स्लो शटर चालू होतं, म्हणजे अंधारात कॅमेरा आपणहून शटर मंद करत होता. दोन्हींत ते बंद करून १/५० वर लावलं, पूर्ण झूम केला आणि चित्र पालटलं. लहानात छत्रीच्या काळ्यावर मुंग्या वळवळत होत्या आणि लाल टॉवेलचा नुसता डाग झाला होता. मोठ्यात छत्रीच्या काड्या वेगळ्या दिसत होत्या. मोठाच घेतला, आणि तो शोरूममधून घेतला नाही, याचा आनंद अजून आहे.

अंधारात फोर-केच्या, म्हणजे जास्त बारकाव्याच्या, पाटीला भुलू नका. त्या वळवळणाऱ्या दाण्यांनाही फोर-केच मिळतं. गेनला, म्हणजे कॅमेरा सिग्नल वाढवून चित्र उजळ करतो त्याला, मर्यादा घालता येत असेल तर घाला, दर ६ डीबीला सिग्नल दुप्पट होतो आणि दाणेही तेवढेच वाढतात. चित्र थोडं काळपट राहिलेलं चालतं. नाइटशॉट, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशात चित्र घेण्याची सोय, दशावताराला कुचकामी, त्यात खरे रंगच जातात. आणि हो, शटर १/५० च का, ते राहिलंच: आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० ठेवलं तर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. कार्ड मोठं घ्या. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी जातात, आणि आख्यान रंगलं की पहाटेपर्यंत कोणी आटोपतं घेत नाही.