सोडलेल्या माशाचा हिशेब

२०१५ च्या जुलैअखेरीस मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिल लॅक्स तलावावर उन्हाळी नोकरी करत होते. रत्नागिरीत मत्स्यशास्त्र शिकून पुढच्या शिक्षणासाठी तिकडे गेलेली. काम सोपं वाटायचं. गळ टाकून परतलेली बोट धक्क्याला लागली की पुढे व्हायचं आणि किती तास पाण्यात होतात, किती मासे लागले, किती ठेवले, किती सोडले, ते विचारून तक्त्यात भरायचं. ठेवलेला मासा असेल तर तो पट्टीवर मोजायचा.

तलाव अफाट. पाचशे चौरस किलोमीटरहून मोठा, पण खोली कुठेच तेरा मीटरच्या पुढे नाही. त्यामुळे उन्हाळा तापला की पाणीही तापतं. आसपासची रिसॉर्टं, आमिषाची दुकानं, खानावळी, सगळ्यांचं पोट वॉलाय या एका माशावर. २०१३ मध्ये या तलावातून अडीच लाख पौंड वॉलाय काढायची परवानगी होती, २०१४ मध्ये ६० हजार, आणि २०१५ मध्ये ४० हजार. त्यातले २८,६०० पौंड राज्यातल्या गळवाल्यांचे, ११,४०० तिथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे जमातींचे. एका गळवाल्याला दिवसाला एकच मासा ठेवता येई, तोही १९ ते २१ इंचांमधला किंवा २८ इंचांच्या वरचा. बाकी सगळे परत पाण्यात.

त्या दुपारी एक आजोबा आणि त्यांचा दहाएक वर्षांचा नातू परतले. बरेच वॉलाय लागले होते, पण मापात एकही बसला नव्हता.

"सगळे सोडले. लिही," आजोबा म्हणाले.

"एक मेला," मुलगा म्हणाला.

मी बोटीत डोकावले. तळाशी रक्ताचा ओघळ वाळत होता. सोळा इंचांचा मासा, मुलाने हाताने लांबी दाखवली. गळाला लावलेली जळू त्याने पार घशाखाली गिळली होती, कल्ल्यांतून रक्त येत होतं. आजोबांनी गळ उपसून काढला नाही, दोरी कापली, म्हणजे जे करायला हवं तेच केलं. तरी मासा सोडल्यावर पांढरं पोट वर करून तरंगायला लागला आणि दोन सीगल त्याच्यावर उतरले.

"मरणारच होता, तर घरी का नाही न्यायचा?" मुलगा मलाच विचारत होता.

नियम असा की माप बसलं नाही तर मासा जिवंत असो वा मेलेला, परत टाकायचा. 'मरायला टेकलेला' ठेवायची मुभा दिली, तर संध्याकाळपर्यंत प्रत्येक बोटीतला मासा मरायला टेकलेला निघेल. मी त्याला तसं सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण होत नव्हतं, कारण तो मासा वाया गेला तरी हिशेबातून सुटत नाही, हे मला माहीत होतं. सोडलेल्या माशांपैकी किती मरत असतील, याचा अंदाज पाण्याच्या तापमानावरून आणि माशांच्या लांबीवरून काढतात आणि तेवढे पौंड गळवाल्यांच्या वाट्यातून वजा होतात; वाटा संपला की मासेमारी बंद. पाणी जितकं गरम, तितकी मर जास्त. माझ्या तक्त्यातला 'सोडले' हा रकाना म्हणूनच महत्त्वाचा.

आजोबांचा राग मात्र ओजिब्वेंच्या जाळ्यांवर होता. "वसंतात अंडी घालायच्या वेळी ते जाळी टाकतात, आणि दोष आमच्या गळांना!"

ही तक्रार त्या तलावावर रोज ऐकू येई. १८३७ च्या तहात ओजिब्वे लोकांनी जमीन दिली, मासेमारीचा हक्क राखला; १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो मान्य केला. शिवाय त्यांचा वाटा गळवाल्यांच्या निम्म्याहूनही कमी. मला जाळ्यांपेक्षा पिल्लांची काळजी वाटते. अंडी भरपूर फुटतात, पहिल्या शरद ऋतूपर्यंत पिल्लं दिसतात, आणि पुढच्या एकदोन वर्षांत गायब होतात. पाणी गाळून खाणारे झेब्रा शिंपले आले, पाणी काचेसारखं नितळ झालं. अंधूक उजेडात शिकार करणाऱ्या वॉलायला ते मानवत नाही. लहान चारा-मासे घटले की मोठे वॉलाय आपल्याच पिल्लांवर तुटून पडतात. हे मी आजोबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण जाळ्यांबद्दलचं मत काही बदललं नाही.

धक्क्यामागच्या रिसॉर्टची मालकीण हे सगळं ऐकत उभी होती. "तुझा हा कागद माझा ऑगस्ट बुडवणार," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिचं सगळं आरक्षण ऑगस्टचंच होतं. कोकणात पावसाळ्यातली बंदी सगळ्यांना आधीपासून ठाऊक असते, नारळी पौर्णिमेच्या हिशेबाने घरं चालतात. इथे भर मोसमात, चार दिवस आधी सांगून दार लागणार होतं, आणि तिला देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

३ ऑगस्टला रात्री दहा वाजता वॉलायची मासेमारी बंद झाली.

२०१६ मध्ये वॉलाय ठेवायलाच मनाई आली, लागेल तो सोडायचा. त्याच नियमांत वॉलायसाठी जिवंत आमिषही बंद झालं. जळू नाही, गांडूळ नाही, फक्त कृत्रिम आमिष. ते मासा सहसा गिळत नाही, ओठात अडकतं आणि चिमट्याने सुटतं. आमिषाच्या दुकानांना त्याचा फटका बसणार हे दिसत होतं, तरी सगळ्या नियमांत मला हाच सर्वांत जास्त पटला.