हाफ-प्लेट: शीट १४ ते १९, आणि काळं कुंकू

जुन्या लाकडी कॅमेऱ्यानं फोटो काढतो, फिल्म घरीच धुतो; थंडी पडली की पोर्ट्रेटला हात घालीन म्हटलं होतं. पडली. मे महिन्यात आमच्या दर्यापूरकडे नळाचं पाणी चहाला ठेवल्यासारखं येतं, फिल्मवरचा प्रकाश टिपणारा थर, म्हणजे इमल्शन, सुटून हातात यायची धास्ती. आता जानेवारीत माठातलं पाणी सकाळी १९ अंश भरलं. प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनाला, डेव्हलपरला, आणखी काय पाहिजे?

कॅमेरा तोच, जुना लाकडी, हाफ-प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंची. लेन्स २१० मिमी, शटर नाही, टोपण काढायचं नि लावायचं. फिल्म दवाखान्यातली, हिरव्या प्रकाशाला जागणारी एक्स-रे फिल्म. ८ बाय १०च्या एका शीटमधून दोन तुकडे निघतात, उरलेली दीड इंची पट्टी टेस्टला. लाल बल्बखाली कापता येते, प्रतिमा उमटताना बघताही येते. दुखणं एवढंच की इमल्शन दोन्ही अंगांना आहे, ट्रेला घासलं की ओरखडा. आता तळाला काच टाकतो आणि एका वेळी एकच शीट बुडवतो.

१४ आणि १५ वाया गेल्या. शेजारचे आबाजी सपरीत खाटेवर बसले होते. चेहरा तीन फुटांवर, बेलोज, म्हणजे कॅमेऱ्याचा भाता, २७० मिमीपर्यंत ओढलेला. भाता ताणला की फिल्मवर प्रकाश कमी पोचतो. २७० भागिले २१०, त्याचा वर्ग, म्हणजे १.६५ पट प्रकाश हवा. प्रकाश मोजणारा मीटर एफ ११ला, म्हणजे लेन्सचं भोक बऱ्यापैकी लहान ठेवून, अर्धा सेकंद सांगत होता. हातानं ०.८३ सेकंद काही मोजता येत नाही, म्हणून एक धरला. हिशेब बरोबर, फोटो चूक. एवढ्या जवळून एफ ११लाही जेमतेम अडीच-तीन बोटं जागा शार्प राहते. मी टोपण लावून, फिल्मचा होल्डर सरकवून, त्याची झाकणपट्टी म्हणजे स्लाइड ओढेपर्यंत आबाजी "निघाला काय?" म्हणत पुढे वाकले. कानावरचे केस मोजून घ्या, डोळे धुईत. दुसऱ्यांदाही तेच. चूक त्यांची नाहीच, पाठीला काही टेकू न देता म्हाताऱ्या माणसाला दगडासारखं बस म्हणणारा मीच येडा.

१६ला त्यांना सपरीच्या खांबाला टेकवलं, डोक्यासकट. कॅमेऱ्याला सुतळी बांधली आणि फोकस जुळल्यावर ती त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत ताणून तिथं गाठ मारली. स्लाइड ओढल्यावर पुन्हा सुतळी ताणायची, गाठ डोळ्यापाशी आली तरच टोपण काढायचं. पापण्या मोजता येतात! सुतळीचा खर्च शून्य.

१७वर आबाजींची बायको, आजी. डेव्हलपर रॉडिनल, एकास शंभर पाणी, सात मिनिटं. शेवटची धुलाई आरओच्या कॅनच्या पाण्यानं, कारण आमचा खारपाणपट्टा, विहिरीच्या पाण्यानं वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे डाग राहतात. निगेटिव्ह सुरेख. कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली) नेली तर आजीचा चेहराच उतरला.

"मी इतकी कायी हाय काय रे? अन् हे कायं कुंकू काऊन लावलं मले? बुढा त बसला हाय बाजूले."

ही फिल्म लाल रंगाला आंधळी. उन्हानं रापलेली कातडी ती आणखी गडद करते, आणि ठसठशीत लाल कुंकू सरळ काळं. हे मला माहीत होतं. पण सौभाग्याचं लेणं काळं दिसणं म्हणजे काय, हे डोक्यात आलंच नव्हतं.

म्हणून १८ला जीव मुठीत धरून एचपी५ या नेहमीच्या कृष्णधवल फिल्मची महाग शीट काढली. ती लालही बघते, त्यामुळे सगळं काम ठार अंधारात. कातडीचा रंग झकास आला. पण कुंकू कातडीइतकंच करडं पडलं, पुसल्यासारखं. हे तर त्याहून वाईट. ती प्रिंट आजीला दाखवायची हिंमत झाली नाही.

सुटका त्यांच्याच घरात होती. देव्हाऱ्याच्या वरती आजीच्या सासूचा जुना स्टुडिओतला फोटो लावलेला आहे. काढून पुसला, पुढ्यात धरला. कपाळावर रुपयाएवढं, डांबरासारखं काळं कुंकू. जुन्या ऑर्थो प्लेटांनाही, म्हणजे तेव्हाच्या काचेवरच्या फिल्मना, लाल दिसत नसे. आजीनं फोटो बराच वेळ बघितला.

"सासूचंबी कायंच हाय की. थांब, मंग जरा मोठं लावतो."

१९ आत्ता दोरीवर वाळते आहे. कडेला एक ओरखडा आलाच आहे, काच टाकूनही.